नैरोबी नदीच्या काठाकाठाने

विमान नैरोबीत उतरायला लागलं तशी घोषणा झाली. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, जवळ असतील त्या विमानातच ठेवून उतरा. शेजारी बसलेल्या, मुलाकडे निघालेल्या डोंबिवलीच्या काकूंनी लगबगीने हातातलं सामान उघडलं, चकल्यांचा आणि लोणच्याचा डबा कॅरीबॅगमधून काढला आणि दोन्ही मांडीवर घेऊन बसल्या. "खरंच पकडतात का हो?" त्यांनी विचारलं. पकडतात. २८ ऑगस्ट २०१७ला लागू झालेल्या या बंदीत चार वर्षांपर्यंत कैद किंवा चाळीस लाख शिलिंगांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जगातल्या सर्वांत कडक प्लास्टिकबंदींपैकी ही एक मानली जाते.

आपल्याकडे महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. पण पहिल्या काही महिन्यांचा धाक ओसरल्यावर भाजीवाल्याच्या गाडीखालून पिशवी पुन्हा निघू लागली. नैरोबीत मी बाजारांतून फिरले तेव्हा नजर आपोआप पिशव्यांच्या शोधात होती. शेजारच्या देशांतून चोरून आणलेल्या पातळ पिशव्या एखाद्या फळवाल्याकडे दिसल्याही, पण लपवलेल्या. काटेरी झाडांवर, कुंपणांवर अडकून फडफडणाऱ्या पिशव्या, ज्यांच्यामुळे हे शहर एके काळी बदनाम होतं, त्या मला जवळपास दिसल्या नाहीत. बंदीआधी केनियातली सुपरमार्केटं वर्षाला दहा कोटी पिशव्या वाटत, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा, म्हणजे युनेपचा अंदाज होता. कत्तलखान्यात कापलेल्या गाईंच्या पोटातून पिशव्या निघत. पावसाळ्यात गटारं तुंबत. २६ जुलै २००५चा पूर पाहिलेल्या मुंबईकराला याहून जास्त सांगायला नको.

विमानतळावरून शहरात येणाऱ्या रस्त्यालगत बाभळीसारखी उंच झाडं आहेत आणि त्यांच्या शेंड्यांवर माराबू करकोचे बसलेले असतात. टकलं डोकं, गळ्याखाली लोंबणारी गुलाबी पिशवी, माणसाच्या छातीला लागेल एवढी उंची. हे पक्षी मढं आणि उकिरडा या दोन्हींवर जगतात. शहरात कचरा वाढला तसे तेही इथेच घरटी करून राहिले. नैरोबीत कचरा कुठे आहे हे कळायला नकाशा लागत नाही. सकाळी हे करकोचे पूर्वेकडे उडत जातात, त्या दिशेला बघायचं. त्याच दिशेला शहराची नदी वाहते. म्हणून मी नदीच्याच काठाने जायचं ठरवलं.

नैरोबी मुळात रेल्वेचं गाव. १८९९मध्ये मोंबासाहून आत येणारी लोहमार्गाची कामं इथल्या थंड, दलदलीच्या पठारावर पोहोचली आणि तिथे डेपो पडला. मार्ग घालायला हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर आणले होते. त्यांतले बहुतेक पंजाबी आणि गुजराती. चहा, चपाती आणि समोसा इथे त्या काळापासून रुजले ते आता पुरते केनियन झाले आहेत. सुमारे अठराशे मीटर उंचीमुळे हवा महाबळेश्वरची आठवण करून देणारी. गोऱ्यांनी स्वतःसाठी पश्चिमेचा उंच, झाडीचा भाग ठेवला. आफ्रिकी कामगारांना पूर्वेकडची सखल जमीन मिळाली. नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. वरच्यांनी टाकलेलं खालच्यांच्या दारात जायचं, ही व्यवस्था शहराच्या जन्मापासूनची आहे.

मध्यभागात नदीकाठी मिचुकी पार्क आहे. जॉन मिचुकी पर्यावरणमंत्री असताना २००८मध्ये त्यांनी नदी साफ करायला घेतली. आज तिथे बांबू, बाकडी, दुपारच्या सुट्टीत डबा खाणारी कारकून मंडळी दिसतात. पाणी मात्र काळंच. थोड्या अंतरावर उहुरू पार्क. १९८९मध्ये या बागेत साठ मजली इमारत उभारायचा सत्ताधारी पक्षाचा बेत होता आणि वांगारी माथाई नावाच्या प्राध्यापक बाईंनी पत्रं लिहून, आंदोलन करून तो हाणून पाडला. त्यांना संसदेत शिव्या खाव्या लागल्या, पुढे लाठ्याही खाव्या लागल्या. १९७७मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ग्रीन बेल्ट चळवळीत खेड्यांतल्या बायकांनी कोट्यवधी झाडं लावली. २००४चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी स्त्री. २०११मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे शवपेटीसाठी झाड तोडलं नाही. बांबू, पपायरस आणि जलपर्णीची पेटी केली.

आजच्या तिशीतल्या पिढीच्या बोलण्यात माथाईंचं नाव घरातल्या आजीचं यावं तसं येतं. हवामान कार्यकर्त्या एलिझाबेथ वाथूती माथाईंच्याच न्येरी जिल्ह्यातल्या. त्यांनी २०१६मध्ये ग्रीन जनरेशन इनिशिएटिव्ह सुरू केलं, ज्यातून शाळांच्या आवारात मुलं फळझाडं लावतात आणि त्यांची निगाही मुलंच राखतात. नोव्हेंबर २०२१मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत जागतिक नेत्यांसमोर उभ्या राहून त्यांनी आपल्या देशात दुष्काळाने उपाशी पडलेल्या लोकांबद्दल सांगितलं आणि त्या लोकांसाठी क्षणभर शांत राहायची विनंती केली. त्यानंतरही पाऊस येईना. २०२० ते २०२३च्या दरम्यान पूर्व आफ्रिकेतल्या 'हॉर्न ऑफ आफ्रिका' या भागात लागोपाठ पाच हंगाम कोरडे गेले. जगाच्या कर्बवायूंमध्ये सगळ्या आफ्रिका खंडाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे. इथल्या मुलामुलींच्या बोलण्यातला राग समजून घ्यायचा तर हा आकडा आणि तो दुष्काळ शेजारी शेजारी ठेवून पाहावा लागतो.

नदीच्या पुढच्या वळणावर गिकोम्बा. पूर्व आफ्रिकेतल्या जुन्या कपड्यांच्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी हा एक. युरोप-अमेरिकेत लोकांनी दान केलेले कपडे गासड्या बांधून इथे येतात. त्यांना मितुम्बा म्हणतात. माझ्यासमोर एक गासडी फोडली गेली. विकणारी बाई तिशीची, कमरेला पैशांची थैली. तिने पट्टी कापली आणि दोन्ही हातांनी कपडे उपसून तीन ढीग करायला घेतले. पहिल्या ढिगात जीन्स, सुती शर्ट, लहान मुलांचे स्वेटर. दुसऱ्यात उसवलेलं, डागाळलेलं, कमी भावात जाईल असं. तिसऱ्यात पातळ नायलॉनचे, बोळा झालेले, कुणीच घेणार नाही असे. गासडीची किंमत आधीच दिलेली असते आणि आत काय आहे ते फोडेपर्यंत कळत नाही. तिसरा ढीग मोठा झाला की तिचा महिना बुडाला. तो ढीग जातो कुठे, असं विचारल्यावर तिने हनुवटीने मागे खूण केली. मागे नदी होती. काठ कपड्यांनी इतका भरला होता की पाय ठेवल्यावर जमीन दबत होती.

जवळच कामुकुंजीत पत्र्याचं काम चालतं. जुनी पिंपं ठोकून सपाट करायची आणि त्यांच्या ट्रंका, शेगड्या, हातगाड्या, कोंबड्यांची खुराडी बनवायची. शेकडो हातोड्यांच्या आवाजात बोलणं अशक्य होतं. उघड्यावर उन्हात चालणाऱ्या अशा धंद्यांना इथे जुआ काली, म्हणजे कडक ऊन, म्हणतात आणि देशातले बहुतेक कामकरी याच उन्हात आहेत. वस्तू टाकून न देण्याची समज या शहराला कुणी शिकवायला नको. ती इथे पोटापाण्याला जोडलेली आहे.

हीच समज न्झांबी माटी या मटेरियल्स इंजिनिअर तरुणीने कारखान्यात नेली. तेल कंपनीतली नोकरी सोडून तिने गेंगे मेकर्स काढली. टाकाऊ प्लास्टिक आणि वाळू एकत्र तापवून, मोठ्या दाबाखाली त्याचे फरसबंदीचे ठोकळे पाडायचे. आपण ज्यांना पेव्हर ब्लॉक म्हणतो तेच, पण सिमेंटविना. सगळं प्लास्टिक यात चालत नाही. दुधाच्या आणि शॅम्पूच्या बाटल्यांचं चालतं, झाकणांचं, दोऱ्यांचं, पिशव्यांचं चालतं, पण पाण्याच्या बाटलीचं वेगळं. त्यामुळे सगळी मदार वर्गीकरणावर. २०२०मध्ये युनेपने तिला यंग चॅम्पियन्स ऑफ द अर्थ हा सन्मान दिला. मला मात्र सन्मानाहून महत्त्वाची वाटली ती तिने केलेली निवड. ठोकळे शाळांची आवारं आणि वस्त्यांमधल्या पायवाटा यांना परवडावेत, हे तिने पहिल्यापासून धरलं. प्लास्टिक कायमचं संपत नाही, त्याला दुसरा जन्म मिळतो एवढंच, हे खरं. तरीही चिखलातून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पायाखाली तो जन्म गेला तर मला तो सत्कारणी लागलासा वाटतो.

कोरोगोचो इथून पूर्वेला, नदीच्याच काठी. दाट पत्र्याची वस्ती. काही वर्षांपूर्वीपर्यंत बाहेरचं कुणी इकडे संध्याकाळी यायला धजत नसे. २०१७च्या सुमारास इथल्या काही पोरांनी, ज्यांच्यातले बरेच पूर्वी चोऱ्यामाऱ्यांत होते, नदीकाठचा एक तुकडा साफ करायला घेतला. गटाचं नाव कोम्ब ग्रीन सोल्यूशन्स. कचरा उपसून तिथे त्यांनी बाग केली. झाडं, टायरचे रंगवलेले झोपाळे, भाजीचे वाफे, आणि मुलांना खेळायला सपाट जागा. मला फिरवणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा होता. "आमच्यातले किती जण पोलिसांच्या गोळीने गेले ते तुम्हाला या झाडांवरून सांगू शकतो," तो म्हणाला आणि खरोखरच एकेका झाडापाशी थांबून नाव घेऊ लागला. ती नावं इथे लिहायची नाहीत, पण झाडं बरीच होती.

त्याच्या बोलण्यात 'हवामानबदल' हा शब्द फार उशिरा आला. आधी काम आलं, मग पूर आला. एप्रिल-मे २०२४मध्ये केनियात अतिवृष्टी झाली, देशभरात अडीचशेहून जास्त माणसं गेली आणि नैरोबीत नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या. उरलेल्या घरांवर सरकारने नदीपात्रातलं अतिक्रमण म्हणून बुलडोझर फिरवले. बागेतही पाणी शिरलं. ते ओसरल्यावर पोरांनी पुन्हा गाळ काढला. वर कुठेतरी गटार प्लास्टिकने तुंबतं, तर पाणी आमच्या घरात येतं, म्हणून वरच्यांचा कचरा हा आमचा विषय आहे, असं त्याचं म्हणणं. हवामान परिषदांतल्या कुठल्याही सादरीकरणापेक्षा मला हे जास्त पटलं.

पूर ओसरतो तोच जून आला. त्या वर्षीच्या वित्त विधेयकात सरकारने पर्यावरण-कर सुचवला होता. टायर, बॅटऱ्या, फोन, प्लास्टिकची वेष्टनं, लहान मुलांची डायपर, अशा कचरा करणाऱ्या वस्तूंवर तो बसणार होता. कागदावर पाहिलं तर कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकायचाच हा मार्ग. प्रत्यक्षात ओझं येणार होतं ते डायपर घेणाऱ्या आईवर आणि सॅनिटरी पॅड घेणाऱ्या मुलीवर. देशात बनलेल्या मालाला सरकारने घाईने सूट दिली, पण तोवर राग इतर करांपर्यंत पसरला होता. तरुण रस्त्यावर उतरले, २५ जूनला ते संसदेत घुसले, गोळीबारात माणसं मेली आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयक मागे घेतलं. माझ्या सोबतचा मुलगा त्या गर्दीत होता. नदी साफ करणारा आणि पर्यावरण-कराविरुद्ध घोषणा देणारा एकच माणूस. मला यात विसंगती दिसत नाही. कचऱ्याचा खर्च कुणी भरायचा हा प्रश्न गरिबांना न विचारता सोडवायला गेलं की असंच होणार.

दांडोरा कोरोगोचोच्या पलीकडच्या काठावर. हे उपनगर १९७०च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून वसवलं गेलं. सहा हजार भूखंड, त्यावर मोरी-संडास आणि नळ एवढंच बांधून दिलेलं, घर ज्याचं त्याने उभारायचं. घरांच्या मधोमध सामाईक चौक. त्याच सुमारास शेजारच्या जुन्या दगडखाणीत शहराचा कचरा टाकायला सुरुवात झाली. २००१मध्येच हा डेपो भरल्याचं जाहीर झालं. तो अजून चालू आहे. आकार तीस एकरांहून मोठा. नैरोबीत रोज निर्माण होणारा कचरा दोन हजार टनांच्या वर आहे. त्यातला जो गोळा होतो त्याचा मोठा भाग इथेच येतो.

मुंबईत देवनारचा कचरा डेपो पाहिलेल्या माणसालाही इथे श्वास घेणं जड जातं. कचऱ्याचे डोंगर आतून धुमसत असतात. नैरोबीच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग ओला, म्हणजे भाजीपाला, अन्न. तो हवेविना दबून कुजतो आणि मिथेन सोडतो. वातावरण तापवण्यात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक पट पुढे. ओला-सुका वेगळा करणं, हवामानासाठी सर्वांत लवकर आणि सर्वांत स्वस्तात करता येण्यासारखं काम तेच आहे, असं मला या धुरात उभं राहून पुन्हा वाटलं. २००७मध्ये युनेपने डेपोलगतच्या ३२८ मुलांच्या रक्ताची तपासणी करवली. निम्म्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या वर निघालं.

काही हजार माणसं इथे कचरा वेचतात. डंपर मागे झुकला की लोखंडी आकडा घेऊन धावतात. गाई, डुकरं, करकोचे आणि माणसं एकाच ढिगावर. कडेला भंगारवाल्याचा काटा टांगलेला होता. त्याच्याजवळ एक वयस्क बाई प्लास्टिक निवडत होती. तुकडा उचलायचा, अंगठ्याने वाकवायचा, कानाशी नेऊन मोडायचा. कडक आवाज झाला तर एका गोणीत, मऊ वाकला तर दुसरीत, नखाने ओरखडा उठला तर तिसरीत. प्रयोगशाळेत यंत्राने करतात ते काम ती एका तुकड्याला दोन सेकंदांत करत होती. माटीच्या कारखान्यातल्यासारखे ठोकळे अशाच बोटांवर उभे आहेत. काट्यावर गोणी चढली तेव्हा भंगारवाल्याने ओलाव्यापोटी वजन कापलं. बाईने वाद घातला नाही. इथे भाव आणि जागा दोन्ही टोळ्यांच्या हातात आहेत आणि डेपो हलवायची प्रत्येक योजना या हितसंबंधांवर अडते.

त्याच दांडोरातल्या तरुणांनी २०१३च्या सुमाराला घरांमधले ते सामाईक चौक ताब्यात घेतले. दांडोरा ट्रान्सफॉर्मेशन लीग या नावाखाली त्यांनी एकेक चौक साफ केला, फाटक लावलं, झाडं आणि झोके लावले, आणि चौकांमध्ये स्पर्धा सुरू केली. पैसा कुठून? दर घरामागे थोडी वर्गणी, गाड्या धुणं, गाड्या लावायला जागा देणं. नव्वदच्या दशकात महापालिकेची कचरागाडी पूर्व नैरोबीतून जवळजवळ नाहीशी झाली, तेव्हापासून असे तरुणांचे गटच हातगाड्यांवर घरोघरचा कचरा उचलत आले आहेत. केनियन हिपहॉप याच गल्ल्यांत वाढलं आणि भिंतींवर अजून त्या गायकांची चित्रं आहेत.

दांडोरातून गिगिरीला जायला तासभर पुरतो. युनेपचं मुख्यालय तिथे आहे. विकसनशील देशात मुख्यालय असलेली संयुक्त राष्ट्रांची ही पहिली संस्था. कारंजी, हिरवळ, शेजारी माथाईंनी १९९९मध्ये बिल्डरांपासून वाचवलेलं कारुराचं जंगल. २ मार्च २०२२ला १७५ देशांनी इथेच प्लास्टिक प्रदूषण संपवण्याचा बंधनकारक करार करायचं ठरवलं. त्या वेळी आवारात प्लास्टिक ओकणारा प्रचंड नळ उभारला होता. त्याचं प्लास्टिक किबेरा वस्तीतून गोळा केलेलं. ठरावात कचरावेचकांच्या कामाचा उल्लेख आला, आणि त्यामागे भारतातल्यांसकट जगभरच्या कचरावेचक संघटनांचा पाठपुरावा होता. त्यानंतर बुसानमध्ये आणि २०२५मध्ये जिनिव्हात बोलणी फिसकटली. प्लास्टिकचं उत्पादनच कमी करायचं की नुसता कचरा आवरायचा, यावर तेलवाले देश अडून बसले. करार नाही.

शेवटचा टप्पा नैरोबीबाहेरचा, नाकुरू शहर. रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावरून रस्ता खाली उतरतो, तिथे खाली नैवाशाचं सरोवर आणि फुलशेतीची चमकती हरितगृहं दिसतात. पुढे नाकुरूचं सरोवर. गेल्या दशकभरात रिफ्टमधल्या सरोवरांची पातळी इतकी वाढली की काठची झाडं पाण्यात मेली आणि पूर्वी इथे गुलाबी किनार करणारे रोहित पक्षी बरेचसे दुसरीकडे गेले. शहराच्या वरच्या उतारावर गिओतोचा कचरा डेपो आहे. जेम्स वाकिबिया या छायाचित्रकाराला २०१३मध्ये तिथून रस्त्यावर उडत येणाऱ्या पिशव्या दिसल्या. आधी त्याने डेपो हलवायची मागणी केली. मग त्याच्या ध्यानात आलं, की पिशव्या बनताहेत तोवर डेपो कुठेही नेला तरी फरक नाही. समाजमाध्यमांवर त्याने बंदीची हाक दिली, ती देशभर पोहोचली. तेव्हाच्या पर्यावरणमंत्री जूडी वाखुंगू यांनी ती उचलली आणि २००७ आणि २०११ला फसलेली बंदी २०१७ला झाली. विमानातल्या त्या घोषणेमागे एका माणसाचा कॅमेरा होता.

गिओतोवर बायका जास्त भेटल्या. पुण्यात कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, 'स्वच्छ' नावाची, हे मी सांगितलं तेव्हा एक तरुणी जवळ सरकून बसली. ती वेचक गटाची खजिनदार होती. २०२२च्या केनियातल्या कचरा व्यवस्थापन कायद्याने काउंट्यांना, म्हणजे जिल्ह्यांच्या सरकारांना, वर्गीकरण केंद्रं काढायला सांगितली आहेत. त्या केंद्रांत आम्हालाच घ्यावं, अशी तिच्या गटाची मागणी आहे. मी पुण्याच्या बायकांना १९९०च्या दशकात मिळालेल्या ओळखपत्रांबद्दल बोलले. तिने विचारलं, कार्डावर सही कुणाची असते? संघटनेची की महापालिकेची? महापालिकेची मान्यता असते म्हटल्यावर तिने वहीत लिहून घेतलं. मग पुढचे प्रश्न आले. घरटी पैसे कोण गोळा करतं? एखाद्याने दिले नाहीत तर? सुका माल विकण्याचा हक्क कुणाचा, पालिकेचा की वेचणारीचा? आजारी पडलं तर त्या दिवशीची घरं कोण करतं? शेवटच्या प्रश्नावर मी पुण्यातल्या एका मैत्रिणीला फोन लावून दिला. त्या दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बराच वेळ बोलत राहिल्या आणि मी वही धरून बसले.